फोन भरलाय, ओटीपी येत नाही

तासगावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पाटीवर 'मोबाइल दुरुस्ती' असं कुठेही लिहिलेलं नाही. तरी दिवसाला दोन-तीन फोन काउंटरवर येऊन पडतातच, कारण फॉर्मला ओटीपी लागतो आणि ओटीपी येत नाही. "आगं, धा वेळा पाठवलास, पर माझ्या फोनवर कायबी आलं न्हाई." समोरच्याला वाटतं साइट बंद आहे, रेंज गेली आहे, नाहीतर मीच काहीतरी चुकीचं दाबते आहे. फोन हातात घेतला की कारण वरच्या पट्टीतच असतं. जागा संपलेली असते.

हा एकच बिघाड मी इतक्या वेळा काढला आहे, की आता एकदाच लिहून ठेवते. खालचं सगळं अँड्रॉइड फोनबद्दल आहे. आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वदांच्या हातात तोच असतो.

लक्षणं

- ओटीपी किंवा कुठलाच एसएमएस येत नाही, पण फोन लागतो आणि नेटही चालतं.
- व्हॉट्सॲपवर फोटो गोल फिरत राहतो, उघडत नाही.
- कॅमेरा चालू होतो, पण बटण दाबलं की जागा नाही म्हणतो.
- पैशांचं ॲप अपडेट मागतं, अपडेट होत नाही, आणि अपडेट झाल्याशिवाय उघडत नाही.
- अक्षर दाबल्यावर ते उमटायला वेळ लागतो.
- फोन आपोआप बंद होऊन चालू होतो.

यातली दोन-तीन एकदम दिसली तर जागाच संपली आहे असं धरून चाला. पहिलं लक्षण लोकांना पटत नाही, पण जागा अगदी तळाला गेली की अँड्रॉइड येणारा एसएमएस आत घ्यायलाच नकार देतो. तो कंपनीकडे पडून राहतो. तुम्ही फोन साफ केलात की अडकलेले सगळे एकदम टिंगटिंग करत येतात. दहा ओटीपी, दहाही मुदत संपलेले.

हे पुन्हा पुन्हा का होतं

2018 च्या जानेवारीत अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये एक बातमी आली होती. भारतातले फोन इतके का अडकतात, याचा माग गुगलचे लोक काढत होते, आणि माग लागला तो 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांपाशी. भारतात तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते आणि अमेरिकेत दहातल्या एकाची, असा आकडा त्याच बातमीत होता. तेव्हा आम्ही हसलो होतो. मी तर ती बातमी चार ग्रुपवर पाठवली होती, सोबत फोटो जोडून.

परवा एक फोन साफ करत होते आणि शेजारी लॅपटॉपवर ताजी बातमी उघडी होती. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीच्या चिप्स इतक्या लागताहेत की बाकीच्यांना त्या महाग पडू लागल्या आहेत. मेमरीच्या चिप बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर 2025 च्या डिसेंबरात क्रुशियल हा साध्या गिऱ्हाइकांसाठीचा मेमरीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जगातली मेमरी अशी तिकडे चालली आहे. तिकडे तिचं काय होतं, याचा एक नमुना माझ्या हातातल्या फोनमध्येच होता: कमळावर बसलेली, सहा बोटांची लक्ष्मी आणि खाली 'शुभ शुक्रवार'. यंत्राने काढलेलं चित्र. आधी चिप तिकडे गेली, मग तिकडून चित्र आलं आणि इथे उरली होती तेवढी जागाही खाऊन बसलं. 'नवा फोन घ्या' असं सांगणं सोपं होतं, आता तेही जड जातं.

तर जुनाच फोन चालवायचा. सोप्यापासून सुरू करू.

आधी बघा, भरलंय काय?

याला पैसे लागत नाहीत आणि अर्धा मिनिट पुरतो, तरी हेच सगळ्यात जास्त चुकतं. 'भरलं' म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. फोनमधली जागा, गुगल खात्यातली जागा आणि रॅम. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. तिथे 64 पैकी 63 जीबी वापरलेलं दिसलं तर फोन भरला आहे. तिथे जागा दिसते, पण जीमेल आरडाओरडा करतंय, तर गुगलचं खातं भरलं आहे. मग फोनमधले फोटो कितीही उडवा, काही फरक पडणार नाही. रॅमचा इथे संबंधच नाही. दुकानदाराने विकताना 'रॅम लई हाय' म्हणून सांगितलेलं असतं आणि लोक तेच धरून बसतात. रॅम म्हणजे काम करायचा ओटा. सामान ठेवायची खोली वेगळी.

फोन बंद करून चालू करावा का?

इथे माझं मत बाकीच्यांच्या उलट आहे. एक-दोन जीबी शिल्लक असेल तर खुशाल करा, तात्पुरत्या फायली जातात आणि फोन थोडा मोकळा होतो. पण शिल्लक अगदी शून्याजवळ असेल तर मुळीच बंद करू नका. चालू होताना फोनला स्वतःलाच थोडी जागा लागते. ती मिळाली नाही तर तो कंपनीच्या नावाच्या पडद्यावरच अडकून बसतो. असा एक फोन माझ्याच हातून अडकला होता. त्यामुळे आधी एखादा मोठा व्हिडिओ उडवायचा आणि मगच बंद-चालू करायचं.

कचऱ्याची टोपली

"मी तर कालच सगळं डिलीट केलं" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फोनची गॅलरी उडवलेलं सहसा 30 दिवस बाजूला ठेवते. गुगल फोटोज बॅकअप झालेलं 60 दिवस ठेवतं. म्हणजे कचरा घरातून काढला, पण व्हरांड्यात ठेवला. गॅलरीतली टोपली उघडा आणि रिकामी करा. कधीकधी एवढ्यावरच पाच-सहा जीबी सुटतात आणि काम संपतं. मात्र रिकामी करण्याआधी एकदा नजर फिरवा, कारण इथून गेलेलं परत येत नाही.

व्हॉट्सॲप

इथे थोडं थांबते, कारण दहातले आठ फोन इथेच सुटतात.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, त्यात स्टोरेज व्यवस्थापन. वर दोन ढीग दिसतात: 5 एमबीपेक्षा मोठं ते एकात, पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेलं दुसऱ्यात. खाली चॅटची यादी येते, सगळ्यात जागा खाणारं सगळ्यात वर. ही यादी म्हणजे माणसाची जन्मपत्रिकाच. कुठला ग्रुप त्याचा वेळ खातो ते तिथे आकड्यात लिहिलेलं असतं. एका आण्णांच्या फोनमध्ये पहिल्या नंबरावर 11 जीबीचा भावकीचा ग्रुप होता. भावकीत बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती, पण सकाळची चित्रं दोन्ही बाजूंनी चालू होती.

सुरुवात फॉरवर्डच्या ढिगापासून करा. तो बहुतेक बिनधोक असतो. कुणीतरी कुणाकडून घेतलेलं असतं आणि आपल्यापाशी त्याची आठवण म्हणून काही नसतं. नंतर मोठे व्हिडिओ आकाराप्रमाणे लावा आणि एकेक बघून उडवा. 'सगळे निवडा' हे बटण मी वापरत नाही. एकदाच वापरलं होतं.

ती गोष्ट अशी. द्राक्षाचा हंगाम संपत आला होता. एक तात्या आले, फोन भरलेला, मागे रांग लागलेली. घाईत मी एका ग्रुपमधलं सगळं निवडलं आणि उडवलं. संध्याकाळी तात्या परत आले. त्या ग्रुपमध्ये चित्रं आणि व्हिडिओ होते, पण मधेच व्यापाऱ्याने दिलेल्या चिठ्ठीचा फोटोही होता: किती पेट्या, काय दर, किती पैसे बाकी. निळ्या बॉलपेनने, वहीच्या फाटक्या पानावर. मूळ कागद पावसात भिजून गेला होता आणि फोटो तेवढा उरला होता. तो मी घालवला. नशिबाने त्यांच्या मुलाने तो आपल्या फोनवर पाठवून ठेवला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, कुठल्या फोटोत पैशांचा हिशेब आहे का? सातबारा, दवाखान्याचे कागद, पावत्या? असतील तर ते आधी बाहेर काढून ठेवते आणि मगच झाडू हातात घेते.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही स्वतः पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंचीही एक प्रत व्हॉट्सॲप वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. नातवाचा व्हिडिओ काढला, तो कॅमेऱ्यात आहेच. तो पाठवला की दाबून लहान केलेली दुसरी प्रत तयार झाली. फाइल्स ॲपमधून व्हॉट्सॲपच्या फोल्डरात गेलात की 'सेंट' नावाच्या खणात हे सापडतं.

नळ बंद करा

आतापर्यंत नुसता हौद उपसला. त्याच पानावर मीडिया आपोआप डाउनलोड करायची सोय आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग, तिन्हीत फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रं यांच्यापुढच्या सगळ्या खुणा काढून टाका. यापुढे चित्र धूसर दिसेल आणि बोट ठेवलं तरच उतरेल. हे केलं नाही तर पंधरा दिवसांत तोच फोन तुमच्यासमोर असतो. मी हे करून दिल्यावर बहुतेकांची एकच तक्रार येते: "फोटो आपोआप दिसंनात." तोच तर उपाय आहे, मावशी.

गॅलरीत मीडिया न दाखवायची वेगळी सोय आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिने चित्र गॅलरीतून लपतं, फोनमधून जात नाही.

बाकीची बिळं

टेलिग्राम असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये साठलेली कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरत्या ठेवलेल्या फायली, बघा. सिनेमे बघणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये ती दहा-वीस जीबीसुद्धा निघते. यूट्यूब आणि सिरियलींच्या ॲपमध्ये प्रवासासाठी उतरवून ठेवलेलं असतं. प्रवास कधीच झालेला असतो.

एक खास. बऱ्याच नव्या फोनांत रॅम वाढवायची सोय असते, 8 अधिक 8 वगैरे. ती वाढीव रॅम कुठल्या आकाशातून येत नाही, तुमच्याच साठवणुकीतून कापून घेतलेली असते. 64 जीबीच्या फोनमध्ये 8 जीबी अशी गेली तर काय राहिलं? ती बंद करा, फोन बंद-चालू करा, जागा परत मिळते.

ॲपच्या माहितीत दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा'. पहिलं दाबायला हरकत नाही. दुसरं व्हॉट्सॲपवर दाबलंत तर ॲप कोरं होईल, आणि बॅकअप नसेल तर बोलणं सगळं गेलं. चष्मा लावल्याशिवाय इथे बोट नेऊ नये.

आणि फोन साफ करून देतो म्हणणारी ॲपं टाकू नका. हिरवा झाडू फिरवतात, खाली जाहिरात दाखवतात आणि स्वतः शे-दोनशे एमबी खाऊन बसतात. गुगलचं फाइल्स ॲप फुकट आहे आणि तेवढं पुरतं.

गुगलचे 15 जीबी

आता दुसरा हौद. 1 जून 2021 पर्यंत गुगल फोटोज दर्जा थोडा कमी करून हवे तितके फोटो फुकट ठेवायचं. ते बंद झालं. त्यानंतरचं सगळं तुमच्या खात्याच्या फुकट 15 जीबीत मोजलं जातं, त्यातच जीमेल आणि गुगल ड्राइव्ह. 2024 पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. आधी गावजेवण म्हणून बोलवायचं आणि पंगत बसली की ताटाचे पैसे मागायचे, असा हा प्रकार. हे खातं भरलं की नवीन मेल येणं बंद होतं, हे लोकांना नोकरीचं बोलावणं हुकल्यावर कळतं.

स्वस्त उपाय: व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळा. तेवढ्यानेच बॅकअप कितीतरी खाली येतो. महिन्याला शंभर-दीडशे रुपये भरून 100 जीबी घेता येतात. धंद्यातल्या माणसाने घ्यावेत. आजोबांना मी सुचवत नाही. ते पैसे दर महिन्याला कुठे कापले जातात याचा शोध लावायला ते पुन्हा माझ्याकडेच येतात.

गुगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' असं बटण आहे. बॅकअप झालेले फोटो ते फोनमधून काढतं. चांगलं आहे, पण बॅकअप पूर्ण झालाय याची खात्री करूनच. शेतात रेंज नसते, बॅकअप आठवडा-आठवडा अडकलेला असतो.

पेन ड्राइव्ह आणि कार्ड

आता खिशात हात घालावा लागेल. फोनला थेट लागणारा ओटीजी पेन ड्राइव्ह काही शे रुपयांत येतो. लग्नाचे, बारशाचे फोटो त्यावर उतरवा. उतरवले की त्या ड्राइव्हवरून चार-पाच उघडून बघा, मगच फोनमधले काढा. 'मूव्ह' न करता 'कॉपी' करा. मधेच पिन हलली तर मूव्हमध्ये फाइल ना इकडची राहते ना तिकडची.

मेमरी कार्ड घेणार असाल तर बाजारात चारशे रुपयांत एक टीबीचं, म्हणजे हजार जीबीचं, कार्ड मिळतं त्याच्या नादी लागू नका. आत बारकी चिप असते आणि फोनला मोठा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. फोटो कार्डावर उतरल्यासारखे वाटतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की करडा चौकोन.

सगळं करून किती मोकळं ठेवायचं? मी दहातला एक हिस्सा तरी सोडते. फोनमधली चिप जुन्या लिखाणावर सरळ नवं लिहू शकत नाही, आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो. बेदाण्याच्या शेडात सगळे रॅक भरले असतील तर माल हलवायला जागा कुठली? एक रॅक रिकामा लागतोच. तो नसला की फोन रांगायला लागतो, आणि लोक म्हणतात बॅटरी गेली.

शेवटचा उपाय: फोन कोरा करणं

फॅक्टरी रीसेट. मी दुकानात करत नाही, घरी सावकाश करा म्हणते. आधी गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून तो चालतो का ते तपासा. फोन कोरा झाल्यावर तो जुनंच खातं मागतो आणि ते आठवलं नाही तर दारातच उभं राहावं लागतं. पोराने तीन वर्षांपूर्वी काढून दिलेलं खातं, पोरगा आखातात, पासवर्ड त्याच्या जुन्या गाडीचा नंबर. ही गोष्ट मी निदान पाच वेगवेगळ्या घरांतून ऐकली आहे. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिनही लिहून ठेवा.

इथे थांबा

फोन कंपनीच्या नावावर अडकून पडला असेल आणि आत हवे असलेले फोटो असतील, तर बटणांशी खेळू नका. गावातला कुणीतरी 'सॉफ्टवेअर मारून देतो' म्हणेल. सॉफ्टवेअर मारलं की फोन चालू होईल, फोटो जातील. आजचे फोन आतला माल कुलूपबंद ठेवतात आणि किल्ली त्याच बोर्डावर असते, त्यामुळे बोर्ड बदलला तरी तेच. आधीच स्पष्ट सांगा, फोटो हवेत, आणि अधिकृत सेवा केंद्रात किंवा डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

पाठ फुगली असेल, पडदा उचलल्यासारखा दिसत असेल तर ती बॅटरी आहे. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जागा भरपूर आहे, रेंज आहे, तरी ओटीपी येत नाही? मग विचारा, व्हॉट्सॲपवर आलेली एखादी लग्नपत्रिका उघडली होती का? गाडीचं चलन आलंय म्हणून काही टाकून घेतलं का? नावाच्या शेवटी एपीके असलेली ती पत्रिका म्हणजे ॲप असतं. ते तुमचे मेसेज वाचतं आणि भलत्याच माणसाला पाठवतं. ओटीपी येतो, फक्त तुमच्याकडे राहत नाही. इथे साफसफाई करत बसू नका. फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा, पैसे गेले असतील तर 1930 ला फोन लावा. मी अशा वेळी फॉर्म बाजूला ठेवते आणि माझा फोन पुढे करते.

रेंजच्या जागी फुली असेल तर सिमचं कार्यालय गाठा, तेही त्याच दिवशी. तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणी काढलेलं असू शकतं.

एवढं लिहीपर्यंत आक्का आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत फोन, पिशवीवर रबर. मागच्या महिन्यातच मी तो साफ करून आपोआप डाउनलोड बंद करून दिलं होतं. आता पुन्हा 300 एमबी शिल्लक. सेटिंग उघडली तर सगळ्या खुणा जागेवर. "नातवानं चालू करून दिलं बघ," त्या म्हणाल्या, "फोटूच दिसनात म्हनून. कर मोकळं, पर भजनाच्या क्लिपांना हात लावू नगंस." पहिली क्लिप उघडून बघितली. तीच क्लिप, सहा ग्रुपमधून आलेली, सहा वेळा.